दोन नोडचं जीएफएस२ क्लस्टर: केबल काढली की दोन्ही सर्व्हर बंद, पॉवर काढली की फाइलसिस्टीम गोठते

रॅक४२

दोन सर्व्हर (नोड), दोन्हींवर अल्मालिनक्स ९, पेसमेकर (क्लस्टरमधल्या सेवा सांभाळणारा) आणि कोरोसिंक (नोडमधला संवाद आणि सदस्यत्व पाहणारा). मागे एक आयस्कझी लन (नेटवर्कवरून दिसणारी सामायिक डिस्क), मल्टिपाथने दोन वाटांनी जोडलेला. त्यावर शेअर्ड एलव्हीएम (डिस्कचे भाग पाडणारा थर) आणि जीएफएस२ (अनेक नोड एकदम वापरू शकतील अशी फाइलसिस्टीम), दोन्ही नोडवर एकाच वेळी माउंट. कोरोसिंकची एकच लिंक, ती स्विचमधून जाते. बीएमसी (सर्व्हरची पॉवर दुरून चालू-बंद करू देणारे मदरबोर्डवरचे कंट्रोलर) वेगळ्या मॅनेजमेंट स्विचवर आहेत, स्टोरेजचा स्विचही वेगळा. फेन्सिंगसाठी, म्हणजे बिघडलेल्या नोडला जबरदस्तीने बाजूला काढण्यासाठी, फेन्स_आयपीएमआयलॅन (आयपीएमआयने बीएमसीशी बोलणारा एजंट), प्रत्येक सर्व्हरचं एक डिव्हाइस, लॅनप्लस चालू, बाकी सगळं डीफॉल्ट.

'पीसीएस स्टोनिथ फेन्स' ही कमांड दिली की (पेसमेकरमध्ये फेन्सिंगला स्टोनिथ म्हणतात) समोरचा नोड बंद होऊन पुन्हा व्यवस्थित उभा राहतो. खऱ्या बिघाडाची नक्कल केली की मात्र दोन गोष्टी होतात.

पहिली: कोरोसिंकची केबल काढली की दोन्ही सर्व्हर बंद होतात आणि बंदच राहतात. बटण दाबायला कुणाला तरी रॅकपर्यंत जावं लागतं.

दुसरी: नोड २ ची पॉवर पूर्ण काढली तर नोड १ जिवंत राहतो, पण त्याच्यावरचं जीएफएस२ गोठतं. साधं 'एलएस'सुद्धा अडकून बसतं. लॉगमध्ये फेन्सिंगचे टाइमआउट एकामागोमाग येत राहतात. नोड २ उघडउघड मेलेला असताना नोड १ नं थांबायचं कारण काय?

आणखी एक. ओसीएफएस२ या दुसऱ्या क्लस्टर फाइलसिस्टीममध्ये ओटूसीबी हा तिचा क्लस्टर थर असतो, त्यात अडचणीत आलेला नोड स्वतःच स्वतःला रीसेट करतो. बीएमसीच्या वाटेनं दुसऱ्याला रीसेट करण्यापेक्षा ते सोपं नाही का?

---

पहाटपाळी

पहिल्या अडचणीचं मूळ तुमच्याच वर्णनात आहे: दोन्ही सर्व्हर नुसते रीबूट होत नाहीत, बंद राहतात.

फेन्स_आयपीएमआयलॅनची डीफॉल्ट पद्धत 'ऑनऑफ' आहे. या पद्धतीत रीबूट म्हणजे तीन टप्पे: बीएमसीला 'ऑफ' सांगायचं, स्टेटस विचारून पॉवर खरंच गेल्याची खात्री करायची, मग 'ऑन' सांगायचं. केबल निघाली की दोन्ही नोडना समोरचा गेला असं एकाच क्षणी वाटतं. दोन नोडच्या क्लस्टरमध्ये कोरोसिंकचं 'टू_नोड' सेटिंग चालू असतं, त्यामुळे एकटा उरलेला नोडही आपल्याकडे कोरम (काम चालू ठेवायला लागणारी नोडची संख्या) आहे असं समजतो. म्हणून दोघंही एकमेकांच्या बीएमसीला 'ऑफ' पाठवतात. बीएमसी होस्टवर अवलंबून नसतो, दोन्ही हुकूम पोचतात, दोन्ही मशीन पडतात. 'ऑन' सांगायला मागे कुणी उरतच नाही.

इथे बरेच जण पद्धत बदलून 'सायकल' करतात, कारण मग निदान दोन्ही मशीन परत उठतात. ते करू नका. 'सायकल'मध्ये मधल्या बंद अवस्थेची खात्री होत नाही. पॉवर जायच्या आधीच एजंट 'काम झालं' असं सांगू शकतो. शेअर्ड डिस्कवर नेमकी तीच खात्री हवी असते.

योग्य उपाय म्हणजे एका बाजूला उशीर लावणं. पर्याय 'पीसीएमके_डिले_बेस'. तो कुठे लावायचा यात हमखास गोंधळ होतो. उशीर लागतो तो त्या डिव्हाइसच्या लक्ष्यावरच्या कारवाईला. नोड १ वाचावा असं वाटत असेल तर नोड १ ला मारणाऱ्या डिव्हाइसवर उशीर ठेवा, समजा १५ सेकंदांचा. नोड २ ला मारणारं डिव्हाइस उशिराशिवाय राहू द्या. मग नोड २ आपली १५ सेकंद मोजत असतानाच नोड १ त्याला बंद करून मोकळा होतो.

किती सेकंद हे मोजून ठरवा. 'ऑफ' दिल्यापासून स्टेटस 'ऑफ' दिसेपर्यंतचा वेळ पाहा, उशीर त्याच्या दुप्पट तरी ठेवा. बहुतेक ठिकाणी १० ते १५ सेकंद पुरतात. दोन्ही डिव्हाइसवर सारखाच उशीर लावला तर शर्यत तीच राहते, फक्त उशिरा सुरू होते. कोण वाचतो याने फरक पडत नसेल तर दोन्हींवर 'पीसीएमके_डिले_मॅक्स' लावता येतं, तो शून्यापासून त्या मर्यादेपर्यंतचा यादृच्छिक उशीर असतो. पण आकडे जवळजवळ आले तर दोघंही पडण्याची शक्यता शिल्लक राहते. मी ठराविक उशीरच निवडेन.

पेसमेकर २.०.४ पासून 'प्रायॉरिटी-फेन्सिंग-डिले' नावाची क्लस्टर प्रॉपर्टीही आहे. ज्या नोडवर जास्त प्रायॉरिटीचे रिसोर्स चालू असतील त्याला ती वाचवते. तुमच्याकडे दोन्ही नोडवर सारखेच क्लोन (प्रत्येक नोडवर चालणाऱ्या रिसोर्सच्या प्रती) चालत असतील तर बेरीज सारखीच येईल आणि तिचा उपयोग होणार नाही. एनएफएसचा व्हर्च्युअल आयपी वगैरे एकाच नोडवर असेल तर त्याला प्रायॉरिटी देऊन ती जरूर वापरा.

'लॉगइंड' (पॉवर बटण दाबल्यावर काय करायचं ते ठरवणारी सिस्टीमडीची सर्व्हिस) तपासा. काही मशीनवर बीएमसीचा 'ऑफ' ऑपरेटिंग सिस्टीमला पॉवर बटण दाबल्यासारखा पोचतो, आणि सिस्टीमडी नीट शटडाउन करायला लागते. आजारी नोड सावकाश अनमाउंट करत बसला तर त्यात जाणारा प्रत्येक सेकंद धोक्याचा. लॉगइंडच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'हँडलपॉवरकी'ला 'इग्नोर' द्या, लॉगइंडची सर्व्हिस रीस्टार्ट करा, दोन्ही नोडवर. नंतर फेन्स करून कन्सोल बघा: पडदा एका क्षणात काळा व्हायला हवा, सर्व्हिसेस थांबल्याच्या ओळी दिसता कामा नयेत.

आणि कोरोसिंकला दुसरी लिंक द्या. दोन सर्व्हरमध्ये थेट एक केबल टाका आणि 'पीसीएस क्लस्टर लिंक ॲड' करा. कोरोसिंक ३ मधलं केनेट (त्याचा नेटवर्क थर) आठ लिंकपर्यंत घेतं. एका स्विचवर सगळं टांगलेलं असेल तर फेन्सिंग कितीही नीट बसवलं तरी ते विनाकारण वारंवार चालत राहील.

---

लन_शून्य

दुसऱ्या अडचणीबद्दल. नोड १ चं वागणं बरोबर आहे.

बीएमसीला वीज त्याच सर्व्हरच्या पॉवर सप्लायमधून मिळते. पॉवर काढली की बीएमसीही गेला. नोड १ च्या बाजूने पाहिलं तर 'सर्व्हर पूर्ण मेला' आणि 'सर्व्हर धडधाकट आहे, डिस्कवर लिहितोय, फक्त कोरोसिंक आणि बीएमसीच्या केबल निघाल्या' या दोन अवस्था हुबेहूब सारख्या दिसतात. दुसऱ्या अवस्थेत नोड १ ने पुढे जाऊन नोड २ चं जर्नल रीप्ले केलं (त्याचे अर्धवट राहिलेले बदल नोंदींवरून पूर्ण केले) आणि लॉक सोडवले, तर एकाच ब्लॉकवर दोघं लिहितील. म्हणून डीएलएम (नोडमधले लॉक सांभाळणारी व्यवस्था) फेन्सिंगची पावती मिळेपर्यंत सगळे लॉक धरून ठेवतं. 'डीएलएम_टूल एलएस' चालवा, तिथे 'वेट फेन्सिंग' लिहिलेलं दिसेल. टाइमआउट कमी करून हे सुटणार नाही, कारण टाइमआउट म्हणजे अपयश, अपयश म्हणजे पावती नाही.

इलाज म्हणजे दुसरा थर. रॅकमधले पीडीयू (सर्व्हरना वीज वाटणाऱ्या पट्ट्या) आउटलेट स्विच करू शकणारे असतील तर त्यांचा एजंट, एपीसीसाठी उदाहरणार्थ फेन्स_एपीसी_एसएनएमपी, लेव्हल २ वर ठेवा. 'पीसीएस स्टोनिथ लेव्हल ॲड १' ला आयपीएमआय, 'लेव्हल ॲड २' ला पीडीयू. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतील आणि ते दोन पीडीयूंवर असतील, तर दोन्ही पीडीयू एकाच लेव्हलमध्ये स्वल्पविरामाने द्या. मग पेसमेकर आधी दोन्ही आउटलेट बंद करतो आणि त्यानंतरच दोन्ही चालू करतो. वेगवेगळ्या लेव्हलवर ठेवले तर एक सप्लाय बंद होऊन चालू होईल, सर्व्हर दुसऱ्यावर तसाच चालत राहील, आणि क्लस्टरला मात्र यश कळेल. यापेक्षा वाईट काही नाही.

आउटलेट क्रमांक कागदावरून घेऊ नका, प्रत्येक आउटलेट बंद करून कोणता दिवा जातो ते बघा. केबल अदलाबदल झालेली असेल तर फेन्सिंग निरोगी नोडला मारेल आणि आजाऱ्याला जिवंत ठेवेल.

तोवर पॉवर गेल्याने क्लस्टर अडकलंच तर 'पीसीएस स्टोनिथ कन्फर्म' आहे. ही कमांड कुणालाही बंद करत नाही, 'तो नोड बंद आहे हे मी पाहिलं' एवढंच क्लस्टरला सांगते. दोन्ही पॉवर केबल डोळ्यांनी निघालेल्या दिसल्याशिवाय ती द्यायची नाही. पिंग लागत नाही हा पुरावा नव्हे. आणि ती कमांड क्रॉनमध्ये किंवा स्क्रिप्टमध्ये घालून 'ऑटोमॅटिक' करू नका, फेन्सिंगचा सगळा अर्थच त्यात संपतो.

---

रॅक४२

उशिराचं लगेच समजलं, धन्यवाद. पीडीयू मात्र साधे आहेत, आउटलेट स्विच होत नाहीत आणि बदलणं सध्या शक्य नाही. स्टोरेजच्याच आधाराने दुसरा थर करता येईल का? फेन्स_स्कझी आणि एसबीडी अशी दोन नावं वाचली. आणि ओटूसीबीबद्दलचा प्रश्न अजून उरला आहे.

---

तिसरी_वाट

आधी ओटूसीबी, कारण एसबीडीचं उत्तर त्यातूनच निघतं.

ओटूसीबीमध्ये प्रत्येक नोड दर २ सेकंदांनी शेअर्ड डिस्कवर आपला ठोका लिहितो. डीफॉल्ट थ्रेशोल्ड ३१ आहे, म्हणजे ३० गुणिले २, साधारण ६० सेकंद ठोका लिहिता आला नाही की तो नोड स्वतःला रीसेट करतो. नेटवर्क तुटलं आणि डिस्क दोघांनाही दिसत असेल तर दोन नोडमध्ये कमी क्रमांकाचा वाचतो. व्यवस्था साधी आहे. पण हा रीसेट त्या आजारी नोडच्याच कर्नलमधला कोड करतो. कर्नल अडकला असेल, किंवा तो व्हर्च्युअल मशीन असून हायपरव्हायजरने थांबवलेला असेल, तर टायमरही थांबलेला असतो. पुन्हा जाग आली की रांगेत पडलेलं जुनं लिखाण आधी डिस्कवर जातं की रीसेट आधी होतो, याची हमी नाही. बाहेरच्या नोडला तर कळायचा मार्गच नाही. तो ठराविक वेळ थांबून गृहीत धरतो.

एसबीडी यातली मुख्य उणीव हार्डवेअर वॉचडॉगने भरून काढतं. शेअर्ड स्टोरेजवर एक छोटा वेगळा लन घ्या, काही एमबी पुरतात. त्यावर प्रत्येक नोडचा एक स्लॉट असतो. नोड १ ला नोड २ रीसेट करायचा असला की तो नोड २ च्या स्लॉटमध्ये 'रीसेट' लिहितो. नोड २ चं एसबीडी आपला स्लॉट सतत वाचत असतं, निरोप दिसला की लगेच रीसेट होतं. नोड २ अडकलेला असेल तर वॉचडॉगला ठोका मिळणं थांबतं आणि मदरबोर्डवरची चिप मशीन रीसेट करते. आजाऱ्याच्या आज्ञाधारकपणावर काहीच अवलंबून नसतं.

तीन आकडे जुळायला हवेत. वॉचडॉग टाइमआउट हा स्टोरेजच्या सर्वात लांब अडखळण्यापेक्षा मोठा. 'एमएसजीवेट' (निरोप लिहिल्यावर यश गृहीत धरण्याआधी थांबायचा वेळ) वॉचडॉगच्या किमान दुप्पट. 'स्टोनिथ-टाइमआउट' (फेन्सिंग पूर्ण व्हायची मुदत) एमएसजीवेटपेक्षा किमान २० टक्के जास्त. समजा मल्टिपाथला वाट बदलायला वाईटात वाईट ३० सेकंद लागतात: वॉचडॉग ६०, एमएसजीवेट १२०, स्टोनिथ-टाइमआउट १५०. एमएसजीवेट कमी ठेवला तर नोड २ चा वॉचडॉग सुटायच्या आधीच नोड १ लॉक सोडवायला लागेल. वॉचडॉग फार कमी ठेवला तर स्टोरेजचा कंट्रोलर बदलताना दोन्ही नोड विनाकारण पडतील. तुमच्याकडे आयस्कझी आहे म्हणून मुद्दाम सांगतो: सेशनचा 'रीप्लेसमेंट_टाइमआउट' डीफॉल्ट १२० सेकंद असतो. मल्टिपाथ असताना तो ५ ते १५ वर आणा, नाहीतर मेलेल्या वाटेवर दोन मिनिटं जातील आणि वरचा सगळा हिशेब कोसळेल.

कृती अशी. आधी 'पीसीएस स्टोनिथ एसबीडी वॉचडॉग लिस्ट'ने खरा हार्डवेअर वॉचडॉग आहे का बघा: आयटीसीओ किंवा आयपीएमआयचा. 'सॉफ्टडॉग' चालणार नाही, तो त्याच कर्नलमध्ये राहतो. मग 'वॉचडॉग टेस्ट' द्या, मशीन ताबडतोब रीसेट होईल, म्हणून आधी रिकामं करा. रीसेट झालं नाही तर सर्व्हरसोबत आलेला एखादा मॉनिटरिंग एजंट वॉचडॉग धरून बसलाय का ते पाहा. एका वेळी एकच प्रोग्राम तो धरू शकतो. नंतर 'एसबीडी डिव्हाइस सेटअप'ने लनवर वरचे आकडे लिहा, 'एसबीडी एनेबल'ला लनचा कायमचा मार्ग द्या, डब्ल्यूडब्ल्यूआयडी (डिस्कची कायमची एकमेव ओळख) असलेला. रीबूटनंतर बदलणारं डिव्हाइसचं नाव देऊ नका. क्लस्टर पूर्ण थांबवून चालू केल्यावरच ते लागू होतं. शेवटी फेन्स_एसबीडीचा स्टोनिथ रिसोर्स बनवा आणि दोन्ही नोडसाठी लेव्हल २ वर ठेवा, लेव्हल १ वर आयपीएमआय तसंच. या रिसोर्सवरही 'पीसीएमके_डिले_मॅक्स' लावा, कारण दोन नोड एकमेकांच्या स्लॉटमध्ये एकाच वेळी लिहू शकतात.

मग तुमच्या पॉवरच्या चाचणीत असं होईल: आयपीएमआय टाइमआउट, पेसमेकर लेव्हल २ वर, एसबीडी निरोप लिहून १२० सेकंद थांबतं, यश नोंदवतं, डीएलएम मोकळं होतं, जर्नल रीप्ले, जीएफएस२ सुरू. सगळं मिळून तीनेक मिनिटांचा थांबा. वरच्या ॲप्लिकेशनचे टाइमआउट त्या हिशेबाने ठेवा.

एसबीडीचा लन डीआरबीडीवर (नेटवर्कवरून डिस्कची नक्कल ठेवणारी व्यवस्था), होस्टच्या सॉफ्टवेअर रेडवर किंवा एलव्हीएम मिररवर ठेवायचा नाही. स्टोरेजचा स्विच कोरोसिंकपासून वेगळा आहे हे चांगलं, तसाच ठेवा. पेसमेकरशी जोडलेलं एसबीडी डिस्क दिसेनाशी झाली तरी साथीदार दिसतोय तोवर नोडला पाडत नाही. डिस्क आणि साथीदार एकदम गेले की मात्र वॉचडॉग सुटतो. दोन्ही एकाच स्विचवर असतील तर तो स्विच गेला की दोन्ही नोड जातात.

फेन्स_स्कझीबद्दल थोडक्यात: ते कुणाला रीसेट करत नाही. स्कझी-३ पर्सिस्टंट रिझर्व्हेशनमधून समोरच्या नोडची चावी काढतं, त्याचं लिखाण स्टोरेजच नाकारतं. डेटा सुरक्षित राहतो, निकाल सेकंदात मिळतो. पण तो नोड अर्धमेल्या अवस्थेत चालूच राहतो, रीबूट केल्याशिवाय परत सामील होत नाही. मल्टिपाथवर त्याऐवजी फेन्स_एमपाथ वापरायचं असतं आणि मल्टिपाथच्या कॉन्फिगरेशनमध्ये प्रत्येक नोडची वेगळी 'रिझर्व्हेशन_की' द्यावी लागते. स्टोरेज ही रिझर्व्हेशन नीट पाळत असेल तर पर्याय उत्तम आहे. पण 'दुरून रीसेट' ही तुमची गरज असेल तर एसबीडी.

---

कन्सोल०

आयपीएमआयच्या बाजूने काही खाचखळगे.

आयपीएमआय २.० मध्ये पासवर्ड २० बाइटपर्यंतच चालतो. बीएमसीच्या वेबपानावर लांब पासवर्ड चालतो आणि एजंटला मात्र नकार मिळतो, तेव्हा आधी हे बघा. एजंट डीफॉल्टने ॲडमिनिस्ट्रेटर पातळी मागतो. फेन्सिंगसाठी वेगळं खातं ऑपरेटर पातळीवर काढा आणि 'प्रिव्हलेव्हल'ला ऑपरेटर द्या, पॉवरसाठी तेवढा अधिकार पुरतो. जुने बीएमसी सायफर (एन्क्रिप्शनचा संच) १७ ओळखत नाहीत, तिथे 'सायफर' ३ द्यावा लागतो. नव्या सर्व्हरवर 'आयपीएमआय ओव्हर लॅन' मुळात बंद असू शकतं. चालू करायचं नसेल तर एचटीटीपीएसवरून बोलणारं फेन्स_रेडफिश वापरा.

यूडीपी ६२३ फक्त मॅनेजमेंट व्हीलॅनमध्ये उघडं ठेवा. आयपीएमआय २.० च्या लॉगइन पद्धतीत केवळ युजरनेम माहीत असेल तर पासवर्डचा हॅश बाहेर काढता येतो, हा दोष खुद्द प्रमाणातच आहे. हा पासवर्ड म्हणजे तुमचे सर्व्हर बंद करण्याचा अधिकार.

स्टोनिथ डिव्हाइसचं मॉनिटर ऑपरेशन बंद करू नका. बीएमसी स्वतः हँग होतात आणि होस्टला त्याचा पत्ता नसतो. पाच मिनिटांचं अंतर ठेवा आणि ते अपयशी झालं की अलर्ट येईल असं बघा.

---

रॅक४२

एसबीडी लेव्हल २ वर लावतो. फेन्स झालेला नोड उठल्यावर नेटवर्क अजून तुटलेलंच असेल तर तो उलट दुसऱ्याला मारणार नाही ना? आणि चाचण्या कोणत्या क्रमाने घ्याव्यात?

---

पहाटपाळी

'टू_नोड' चालू असलं की 'वेट_फॉर_ऑल' आपोआप चालू होतं. उठलेल्या नोडला साथीदार एकदा दिसल्याशिवाय कोरम मिळत नाही आणि कोरम नसताना तो फेन्स करत नाही. कुणी कोरोसिंकच्या कॉन्फिगरेशनमध्ये ते हाताने शून्य केलेलं नाही ना, एवढं बघा. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा: नोड २ हार्डवेअर बिघडून पडून असताना नोड १ रीबूट केला तर तो एकटा सुरू होणार नाही. तेव्हा नोड २ ची पॉवर निघालेली आहे हे पाहून 'पीसीएस कोरम अनब्लॉक' द्यायचं. 'पीसीएस क्लस्टर डिसेबल --ऑल' करून बूटला क्लस्टर आपोआप सुरू होणं बंद ठेवा असंही मी सुचवेन. फेन्स का झालं ते बघून मगच माणसाने नोड आत घ्यावा.

'नो-कोरम-पॉलिसी' जीएफएस२ साठी 'फ्रीझ' हवी. डीफॉल्ट 'स्टॉप' असते, आणि कोरम गेल्यावर जीएफएस२ अनमाउंट करायलाही कोरमच लागतो, त्यामुळे थांबवण्याचा प्रयत्न अपयशी होऊन फेन्सिंगच ओढवतं. डीएलएम आणि एलव्हीएमलॉकडीच्या (शेअर्ड एलव्हीएमचे लॉक सांभाळणारी सर्व्हिस) मॉनिटरवर 'ऑन-फेल' 'फेन्स' आहे का तेही तपासा.

चाचणीत दोन्ही नोडवरून जीएफएस२ वर लिखाण चालू ठेवा, चेकसम घेत. रिकाम्या क्लस्टरवर सगळंच पास होतं. पहिल्यांदा 'पीसीएस स्टोनिथ फेन्स', दोन्ही दिशांनी. मग सिसआरक्यूमधून (कर्नलला थेट हुकूम द्यायची सोय) 'सी' देऊन कर्नल पाडा. त्यानंतर नेटवर्क: दुसरी लिंक टाकली असेल तर आता दोन्ही लिंक एकदम तुटल्या पाहिजेत. फायरवॉलमध्ये यूडीपी ५४०५ (आणि दुसऱ्या लिंकसाठी ५४०६) आत येणारं आणि बाहेर जाणारं दोन्ही अडवा. एकच दिशा अडवली तर अर्धवट अवस्था तयार होते आणि निकालावर विश्वास ठेवता येत नाही. इथे ज्याला मारणाऱ्या डिव्हाइसवर उशीर लावला तो नोड १ प्रत्येक वेळी वाचला पाहिजे. एकदा जरी दोन्ही पडले तर उशीर वाढवा. मग नोड २ च्या बीएमसीची केबल काढून नोड २ चा कर्नल पुन्हा पाडा, म्हणजे लेव्हल २ खरंच चालतं का ते कळेल. शेवटी दोन्ही पॉवर केबल.

हे झाल्यावर जीएफएस२ दोन्ही नोडवरून अनमाउंट करून 'एफएससीके.जीएफएस२' ला '-एन' देऊन चालवा आणि चेकसम जुळवा. माउंट असताना ते चालवायचं नाही. आणि पेसमेकर, ड्रायव्हर किंवा बीएमसीचं फर्मवेअर अपडेट झालं की निदान केबलची आणि पॉवरची चाचणी पुन्हा घ्या. फर्मवेअर बदलल्यावर 'आयपीएमआय ओव्हर लॅन' बंद झालेलं नाही ना, ते तेव्हाच दिसेल.